आरामाचं सामान

त्या वृद्धाश्रमात सगळे एकमेकांचे नातेवाईक होते. कारभार पाहणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, अंग पुसणाऱ्या बायांना मावशी म्हणत, औषधांच्या गाड्या ढकलणाऱ्या माणसाला मामा म्हणत, आणि खाटांवर ओळीने आजी नि आजोबा पडलेले असत. खरे नातेवाईक तेवढे महिन्या-दोन महिन्यांनी फळांची पिशवी घेऊन येत आणि घड्याळ बघत परत जात. तपासणीस बाईला हा सगळा गोतावळा पहिल्या पाच मिनिटांतच खटकला. जिथे उठल्यासुटल्या नाती जोडतात तिथे काहीतरी झाकायचं असतं, असं तिचं मत होतं, आणि वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत ते फारसं कधी चुकलं नव्हतं.

कचेरीत तिला लवंगी म्हणत. उंचीने बेताची, तोंडाने तिखट. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तक्रार एका लेकीची होती. आई भेटली तेव्हा तिची दोन्ही मनगटं काळीनिळी दिसली, आई काही बोलत नाही, कोणी तिला मारतं का ते बघा, एवढंच तिचं म्हणणं. आईला इथे ठेवलं होतं भावाने. तक्रार झाल्याचं कळताच भाऊ बहिणीवर उखडला. तुझ्या डोक्यात किडे आहेत, म्हणाला. चौकशी होऊ दे, आणि काही निघालं नाही तर पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचं नाही. वृद्धाश्रमानेही मान डोलावली, कारण दाखल करणारा तो, तेव्हा कोणी भेटायचं हे ठरवणाराही तोच. म्हणजे लवंगीने कागदावर 'तथ्य आढळले नाही' असं लिहिलं की लेकीला आईचं तोंड दिसणार नव्हतं. ती बिचारी त्या दिवशीही फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसली होती, आत सोडत नव्हते म्हणून.

निघताना साहेबांनी लवंगीला बजावलं होतं. "म्हातारीचा स्वतःचा जबाब पाहिजे. लेकीच्या सांगण्यावर मी सही करणार नाही. भावाबहिणीची भांडणं आपल्या गळ्यात नकोत."

साहेबांना कुठलीच गोष्ट आपल्या गळ्यात नको असे. म्हणून तर ते साहेब झाले होते.

भेट न कळवता द्यायची असा नियम आहे. पण लवंगी पोचली तेव्हा फरशी अजून ओली होती, फिनेलने डोळे चुरचुरत होते, आणि सगळ्या खाटांवर पाकिटातल्या घड्यांसकट कोऱ्या चादरी होत्या. कचेरीतल्या कोणाची तरी जीभ सैल सुटली होती हे उघड होतं. ताई दारातच उभ्या. हसू असं की साखरेने खाली मान घालावी.

"या या. आम्ही लपवण्यासारखं काही करतच नाही. घरच आहे हे."

लवंगी सरळ आत शिरली. आधी खोली नीट बघायची आणि मग तोंड उघडायचं, ही तिची पद्धत.

खाटेशेजारी हाक मारायला बटण होतं, त्याची वायर गुंडाळून वर खुंटीला अडकवलेली. टेबलांवर पाण्याचे पेले काठोकाठ भरलेले, पण खाटेपासून असे लांब की झोपल्या माणसाचा हात पोचू नये. एका आजोबांनी तिच्याकडे बघत हळूच 'पाणी' म्हटलं.

"आत्ताच दिलं ना आजोबा?" ताई लाडिकपणे म्हणाल्या. मग लवंगीकडे वळून, "विसरतात हो. वय झालं."

लवंगीने पेला उचलून त्यांच्या हातात दिला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. पीत असताना पेल्याच्या कडेवरून त्यांची नजर ताईंवर होती.

"फार पाणी दिलं की सारखे कपडे बदलावे लागतात," ताईंनी खुलासा केला. "त्यांनाच त्रास होतो."

त्यांनाच. माणसाला तहानेलं ठेवायचं, आणि वर ते त्याच्याच भल्यासाठी. लवंगीची कानशिलं तापली. पुढे तर ऐकावं तिथे वय झालं, वय झालं हेच होतं. अमक्या आजी दिवसभर झोपून का? वय झालं. तमक्यांच्या पाठीला जखम का? वय झालं. वयाने गुडघे दुखतात, कानाला कमी येतं, हे लवंगीला मान्य होतं. तिची स्वतःचीही सुरुवात झाली होती. पण वय म्हणून कोणाचं कातडं मनगटाभोवती बांगडीसारखं गोल काळंनिळं पडल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

आणि लेकीची आई, कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी, त्यांची दोन्ही मनगटं नेमकी तशीच होती.

आजी मोठ्या हाडापेराच्या, आता उतरलेल्या. हयातभर शिवणकाम केलेलं, शाळेच्या गणवेशांपासून नवरीच्या कपड्यांपर्यंत सगळं. अजूनही बसल्या जागी त्यांची बोटं चादरीची शिवण चाचपत असत, टाका कुठे सुटलाय का ते बघत. लवंगीने खुर्ची ओढली आणि ताईंना बाहेर जायला सांगितलं. ताई बाहेर गेल्या म्हणजे उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, इथे कसं आहे?"

"सगळं छान आहे."

"जेवण?"

"छान आहे."

"आणि हे हाताला काय झालं?"

आजींनी मनगटं पदराखाली घेतली. "घड्याळाचा पट्टा घट्ट होता."

"घड्याळ कुठंय?"

"बंद पडलं. दिलं टाकून."

"दोन्ही हातांत घड्याळ घालायचात?"

आजींच्या ओठाचा एक कोपरा हलला. "वेळ जात नव्हता ना."

लवंगीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. एवढी तल्लख बाई, आणि हे खोटं किती दिवस घोटून ठेवलं होतं तिने. लवंगी खुर्ची आणखी जवळ घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, "तुमची लेक बाहेर बसलीये. तिने तक्रार केलीये. तुम्ही खरं काय ते सांगितलंत तरच पुढे काही करता येईल. नाहीतर तिचं येणंही बंद होईल. तुम्ही कोणाला भिता का?"

"भिऊ कशाला? माझा मुलगा आहे ना." मुलाचं नाव निघाल्याबरोबर आजींच्या आवाजात कणा आला. "मोठ्या हुद्द्यावर आहे. दहा माणसं हाताखाली. त्याच्या कानावर नुसतं गेलं ना, की आईला इथे काही कमीजास्त आहे, तर सगळं टाकून येईल धावत. भांडेल, नोकरीवर लाथ मारेल. तसाच आहे तो. लहानपणी माझ्या बोटात सुई गेली तर रडायचा हा. लेक माझी धीराची आहे, ती सोसेल. त्याला नाही सोसायचं."

"म्हणून सांगत नाही तुम्ही?"

"सांगण्यासारखं काही नाहीच," आजी म्हणाल्या आणि तोंड मिटून घेतलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तोंड दाबणारा हातही मार खाणारीचाच होता. लवंगीला आजींचा राग आला, मुलाचा त्याहून आला, पण जबाबाच्या कागदावर 'सर्व छान आहे' याखेरीज लिहिण्यासारखं काही नव्हतं. ती उठली. निघता निघता, माणूस म्हाताऱ्या माणसाचा निरोप घेताना म्हणतो तसं ती म्हणाली, "बरं आजी, आराम करा आता."

आजींचा चेहरा विझला. त्या उताण्या झाल्या, आणि दोन्ही हात उचलून खाटेच्या दोन बाजूंच्या लोखंडी दांड्यांवर एकेक मनगट टेकवलं. तळवे वर, बोटं सैल. मग डोळे मिटून घेतले आणि तशाच वाट बघत राहिल्या.

लवंगीला आधी काही उमगेना. पलीकडच्या खाटेवरच्या दुसऱ्या आजी मात्र घाईघाईने बोलू लागल्या. "मी काही नाही बोलले हां. मला नको आराम. मी उठणार नाही, पडूनच राहते मी."

त्या खोलीत आराम म्हणजे काय, ते तेव्हा लवंगीला कळलं.

तिने दांडीवरचे ते हात एकेक करून उचलले, चादरीखाली घेतले आणि वरून आपला हात ठेवला. "मी तसं म्हणाले नाही आजी," एवढंच तिला म्हणता आलं. आपल्या तोंडून तो शब्द गेला याची तिला शिसारी आली. किती चांगला शब्द होता. आई तापात म्हणते तो, दमून आलेल्या माणसाला म्हणतात तो. ह्या लोकांनी त्याचे फास केले होते. हा शब्द आणखी दहा खाटांपाशी उच्चारला असता तर दहा पुरावे मिळाले असते, हे तिला समजत होतं. पण त्या माणसांना पुन्हा भेडसावून पुरावा गोळा करायचा, तर मग ताईंनी काय वाईट केलं होतं?

ती बाहेर पडली. ताई लगबगीने मागे आल्या. "हाताचा व्यायाम घेतो ना आम्ही, त्याची सवय आहे त्यांना. चहा सांगू?"

"सांगा," लवंगी म्हणाली. ताई चहाचं सांगायला वळल्या, आणि लवंगी सरळ कपडे ठेवायच्या खोलीत शिरली.

तिथे एक मावशी चादरींच्या घड्या घालत होती. जाडजूड, हसतमुख बाई. लवंगीने आवाजात काही फरक पडू दिला नाही. मीठ कुठंय विचारावं तसं विचारलं, "मावशी, आरामाचं सामान कुठे असतं?"

"इथंच की." मावशीने मान वरदेखील न करता गुडघ्याने खालचा कप्पा पुढे सरकवला. "धुऊन वाळवून ठेवलंय सकाळीच."

कप्प्यात जुन्या चादरींच्या पट्ट्या होत्या. हातभर लांब, नीट गुंडाळ्या करून ठेवलेल्या, काही पांढऱ्या, काही फुलाफुलांच्या. लवंगीने एक उलगडली. मधोमध तपकिरी डाग होता, धुऊनही न गेलेला. कडा मात्र सुंदर मुडपून, बारीक टाक्यांनी शिवलेल्या.

"ही शिवण कोणाची?"

"कोपऱ्यातल्या आजींची. काय हात आहे बघा." मावशीला खरंच कौतुक होतं. "आधी नुसत्याच फाडून घ्यायचो, तर दोरे निघायचे, कातडं सोलायचं सगळ्यांचं. आजीच म्हणाल्या, आण इकडे, कडा शिवून देते, म्हणजे कोणाला लागायचं नाही. सगळ्यांच्या शिवून दिल्या त्यांनी. स्वतःच्यासुद्धा."

लवंगी खाली बसली. बसायला काही नव्हतं, तर चादरींच्या गठ्ठ्यावरच बसली.

मावशी मनाची वाईट नव्हती, आणि तेच लवंगीला जास्त झोंबलं. आजींच्या कातड्याची तिला काळजी होती. पण बांधूच नये, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार? इथे कोणी कोणाला बांधतच नव्हतं. इथे आराम देत होते. जेवणाआधी आराम, मावश्यांच्या जेवणाच्या सुट्टीत आराम, पाहुणे यायच्या आधी मोकळं करायचं आणि ते गेले की पुन्हा आराम. मावशीने हे सगळं विचारल्याबरोबर सांगितलं, अगदी मोकळेपणाने, कारण जिला 'आरामाचं सामान' हा शब्द माहीत आहे ती बाई आपल्यातलीच असणार असं तिला वाटलं होतं.

ताई चहा घेऊन आल्या तेव्हा कप्पा उघडा होता आणि लवंगीच्या हातात पट्टी होती. ताईंनी ट्रे खाली ठेवला. हसू थोडं कमी केलं, सगळं नाही.

"ते सुरक्षेसाठी असतं."

"कोणाच्या?"

"हे बघा, एक मावशी आणि बारा-बारा आजी-आजोबा. एक उठून पडली तर हाड मोडतं. मग तुम्हीच येता विचारायला, कशा पडल्या म्हणून. बाहेरून बोलणं सोपं आहे."

"मावश्या वाढवा."

"आणि आजींनी स्वतः तक्रार केलीये का काही? तुम्हीच विचारलंत ना आत्ता?"

नेमकं तिथेच घोडं अडलं होतं, आणि ताईंना ते पक्कं माहीत होतं. लवंगीने कोपऱ्यात जाऊन साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पट्ट्यांचं काय, त्या बँडेज म्हणूनही ठेवल्या असतील. म्हातारी काय म्हणते? छान आहे म्हणते? मग कडक शब्दांत समज द्या आणि या निघून. जबाबाशिवाय हे उभं राहणार नाही. उगाच वडाची साल पिंपळाला लावू नका."

लवंगीने फोन बंद केला. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून उपयोग नव्हता. ताई मात्र आता निर्धास्त झाल्या. शेंडी तुटो वा पारंबी, हिला आता पुरती गप्प करायची, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. नाहीतर त्यांनी जे केलं ते केलं नसतं.

"तुमचा विश्वास नाही ना? घरच्यांनाच विचारा," असं म्हणत त्या लवंगीला घेऊन परत खोलीत आल्या, थेट कोपऱ्यातल्या खाटेपाशी. "आम्ही घरच्यांना न सांगता काहीच करत नाही. सगळ्यांसमोर विचारा." त्यांनी मुलाचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"बोला ताई, आता काय?" मुलाचा आवाज खोलीभर घुमला. आजींनी मान वळवली. चेहरा असा फुलला की लवंगीला बघवेना.

"तपासणीच्या बाई आल्यात," ताई म्हणाल्या. "त्यांना जरा सांगा ना, आईंच्या आरामाबद्दल तुम्हाला कल्पना आहे म्हणून."

"आरामबिराम काय, सरळ सांगा ना त्यांना. बांधता म्हणून. मीच सांगितलं होतं, बांधा. सारखी उठून दाराशी जाते, मुलगा आला, मुलगा आला करत. पडली, काही मोडलं, तर निस्तरायचं कोणी? मी कामं सोडून तिकडे येऊन बसू? हात काळेनिळे पडलेत ते मीही बघितलंय, त्याने माणूस मरत नाही. बहिणीला नाही उद्योग, तिने हे काढलंय. बाईंना म्हणावं, मुलाची काही तक्रार नाही. झालं?"

इतक्या वेळात त्या घरात 'बांधा' हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. मावशीला तो माहीत नव्हता, ताई तो तोंडाला लागू देत नव्हत्या. मुलगा तेवढा सरळ बोलला होता.

ताईंनी फोन उचलला आणि विजयी मुद्रेने लवंगीकडे पाहिलं. मग त्यांचं लक्ष खाटेकडे गेलं.

आजींची बोटं थांबली होती. त्या टेबलाकडे बघत होत्या, जिथे फोन नुकताच होता.

"तो माझाच ना?" त्यांनी विचारलं. "मला फोनवर आवाज नीट ओळखू येत नाही."

लवंगीला खोटं बोलता आलं असतं. तिने बोलायचा विचारही केला, नाही असं नाही.

"तुमचाच, आजी."

पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी तोंडाला पदर लावला होता. पाणी मागणारे आजोबा कोपरावर उठून बसले होते.

"मला वाटत होतं, त्याला माहीत नाही," आजी म्हणाल्या. आवाज जड नव्हता, की कापतही नव्हता. "ह्यांनी बांधलं की मी मनात म्हणायचे, बरं झालं त्याला माहीत नाही. तो भेटायला आला की हात पदराखाली ठेवायचे. जीव तुटला असता त्याचा."

मग त्या कोपरांवर जोर देऊन उठायला लागल्या. ताई सवयीने पुढे झाल्या, "आजी, पडून रहा बरं." लवंगीने त्यांना हाताने मागे सारलं आणि आजींना बसतं केलं. पाठीशी उशी दिली.

"कागद आहे का तुमच्याकडे?" आजींनी विचारलं.

"आहे."

"लिहा मग. मला इथे बांधतात. दिवसातून कितीदा ते सांगता येत नाही, डोळा लागतो मध्ये. सगळ्यांनाच बांधतात. पाणी देत नाहीत. दार बघायला उठलं की गोळी देतात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत शुद्ध नसते. लिहिलंत?"

"लिहिलं."

"माझ्या मुलाला हे माहीत होतं. त्यानेच सांगितलं होतं. तेही लिहा."

लवंगीचं पेन थांबलं. आपलेच दात, आपलेच ओठ. एवढ्या वर्षांत तिने कितीतरी आयांना ह्या वाक्यापाशी येऊन माघारी फिरताना पाहिलं होतं. "आजी, हे लिहिलं की त्याचीही चौकशी होईल," ती म्हणाली. "तुमचा जबाब एवढ्यानेही पुरेसा आहे. मुलाचं नाही घातलं तरी चालेल."

"मी विचारलं का तुम्हाला, चालेल का म्हणून?"

लवंगीने मुकाट्याने पेन टेकवलं.

"नुसतं मुलगा लिहू नका," आजी म्हणाल्या. "नाव घाला. पुरतं घाला, बापाच्या नावासकट."

आणि त्यांनी नाव सांगितलं. आधी त्याचं, जे त्यांनीच ठेवलं होतं. मग त्याच्या वडलांचं. मग आडनाव. एकेक शब्द सुटा करून, शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. लवंगीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.